टोमॅटोचे झाड मान का टाकते?



2023 च्या जुलै महिन्यात टोमॅटो शंभर-दीडशे रुपये किलोच्या वर गेला, तेव्हापासून आपल्यापैकी पुष्कळ घरांत “दोन रोपे आपणच लावू या” असा विचार आलेला आहे. आमच्याही घरात आला. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गॅलरीत तेलाच्या पंधरा किलोच्या तीन डब्यांत तीन रोपे लावली. ती गुडघ्याइतकी वाढली, पिवळी फुले दिसू लागली, आणि एके सकाळी मधल्या डब्यातल्या झाडाने मान टाकली. खालची पाने पिवळी झाली होती.

सासूबाई म्हणाल्या, “परवा पोरीनं पाळीत पाणी घातलं, म्हणून झाड गेलं.”

मुलगी नववीत आहे. ती उलट काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा जाईना. मला झाडापेक्षा त्याचे जास्त वाईट वाटले. स्पर्शाने बाटते, ही गोष्ट आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. आणि तीच आपण आपल्या घरात आपल्या लेकीला ऐकवायची?

मी कचेरीत हिशेब लिहिणारी बाई. मेळ जुळला नाही तर कुणाला तरी बोल लावून वही मिटता येत नाही. एकेक नोंद तपासावी लागते. त्या रविवारी मुलीला हाताशी घेतले आणि झाडाचा हिशेब तपासायला बसलो. तो कसा तपासायचा, ते आज सांगते.

आधी बोट, मग पाणी

झाड सुकले की आपला हात पहिल्यांदा तांब्याकडे जातो. इथेच चूक होते. पाणी कमी पडले तरी झाड मान टाकते आणि पाणी जास्त झाले तरी मान टाकते. म्हणून आधी दोन पेरे बोट मातीत खुपसा. माती कोरडी लागली तर पाणी घाला. माती इतकी वाळली असेल की पाणी कडेने निघून जाते, तर अख्खा डबा अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

माती ओली आहे आणि तरी झाड सुकलेले आहे, तर पाणी ताबडतोब बंद करा. मुळांनाही हवा लागते. पाणी तुंबले की मुळे गुदमरतात, कुजतात आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. पाण्यात उभे राहून झाड तहानेने मरते.

झाड फक्त दुपारच्या उन्हात मान टाकत असेल आणि संध्याकाळी सावरत असेल, तर तो रोग नव्हे. दुपारपुरता जुन्या साडीचा आडोसा बांधा.

कोणती पाने पिवळी?

1) तळाची पाने सगळीच फिकट पिवळी, आणि झाडाची वाढ खुंटलेली: नत्र कमी पडले. डब्यातले खत पाण्याबरोबर खालून वाहून जाते. दर तीन आठवड्यांनी दोन मुठी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्या. फार घाई असेल तर पाच लिटर पाण्यात एक चहाचा चमचा युरिया विरघळवून, ओल्या मातीत, एकदाच. जास्त घातला तर मुळे जळतात.

2) तळाच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम कमी. औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट मिळते. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

3) शिरा हिरव्याच, पण पिवळी झाली ती शेंड्याची कोवळी पाने: लोह मिळत नाही. पुष्कळदा याचेही कारण तुंबलेले पाणी असते. आधी निचरा सुधारा.

4) तळाच्या पानांवर तपकिरी डाग आणि डागात गोल गोल कडी: करपा. ती पाने काढून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला.

5) पाने वाटीसारखी वळलेली, बारीक, पिवळट, आणि झाड हलवले की पांढऱ्या माश्या उडतात: हा त्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटा. बाकीच्या झाडांजवळ पिवळा पुठ्ठा एरंडेल तेल लावून टांगा. माश्या त्याला चिकटतात.

हिरवेगार झाड एकाएकी कोसळले तर

माती ठीक, पाने हिरवी, तरी एक-दोन दिवसांत सगळे झाड लोळले, तर जिवाणूचा मर रोग असू शकतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो पुष्कळ आढळतो. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात अलगद धरा. थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली तर रोग पक्का. त्यावर उपाय नाही. झाड मातीसकट टाकून द्या, डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवा. त्या मातीत वांगी, मिरची, बटाटाही लावू नका. ही सगळी टोमॅटोच्याच कुळातली. पुढच्या वेळी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले अर्का रक्षक हे वाण लावून पाहा. ते या रोगाला दाद देत नाही.

आधी झाडाची एकच बाजू पिवळी पडली आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर मर बुरशीचा. त्याचेही झाड वाचत नाही. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. माती बदला आणि नव्या मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

एक गोष्ट मात्र खरी, की माणसाच्या हातातून टोमॅटोला रोग जाऊ शकतो. पण तो हात पाळीतल्या मुलीचा नव्हे, तंबाखू मळणाऱ्याचा! तंबाखूवरचा एक विषाणू टोमॅटोच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके आणतो, आणि तो वाळलेल्या तंबाखूत, विडीतही टिकून राहतो. म्हणून तंबाखू मळणाऱ्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. आमच्या ह्यांना ही नोंद दाखवली तेव्हा ते गुपचूप मोरीकडे गेले.

आमच्या डब्याचा हिशेब

मुलीने बोट खुपसले. माती चिखलासारखी होती, वासही येत होता. डबा उचलला तर खालची दोन्ही भोके मातीने बुजलेली, आणि डबा फरशीला सपाट टेकलेला. मग विचारपूस केली. सकाळी पाणी मी घालत होते, दुपारी सासूबाई, संध्याकाळी मुलगी. एकच बिल तिघींनी तीनदा भरले होते! रोपाला मारले होते ते आमच्या तिघींच्या मायेने.

त्या झाडाची मुळे काळी पडली होती, ते वाचले नाही. पण त्याचे दोन बगलफुटवे खुडून मुलीने पाण्याच्या पेल्यात ठेवले. आठ-दहा दिवसांत त्यांना पांढरी मुळे फुटली. डब्याला खिळ्याने सहा भोके पाडली, डबा दोन विटांवर ठेवला. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू असे मिश्रण भरून एका डब्यात एकच रोप लावले. पाणी कोण घालणार, हेही ठरले: एकटी मुलगी, रोज सकाळी, बोट लावून पाहिल्यावरच. महिन्याचे तीसही दिवस.

जानेवारीत त्या झाडाला टोमॅटो लागले. पहिला सासूबाईंनी तोडला. त्या चुकल्या असे त्या म्हणाल्या नाहीत, मीही म्हणायला लावले नाही. पण परवा शेजारच्या बाई आपले सुकलेले रोप दाखवायला आल्या आणि कुणाची तरी दृष्ट लागली म्हणू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “आधी बोट घालून बघ.”