बाकावर बसण्याचा हक्क

दरवर्षी ५ डिसेंबरच्या रात्री मिरज स्टेशनवर महालक्ष्मी एक्सप्रेसला पाय ठेवायला जागा नसते. कुपवाड, मिरज, सांगली आणि आसपासच्या खेड्यांतील आपला समाज चैत्यभूमीवर आपल्या मुक्तिदात्याला अभिवादन करायला निघालेला असतो. ६ तारखेला रांगेत उभे राहून दर्शन घ्यायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके विकत घ्यायची आणि जमलेच तर दुसऱ्या दिवशी पोराबाळांना मुंबई दाखवायची, असा बहुतेकांचा बेत असतो. या मुंबई दाखवण्याला नाके मुरडणारे लोकही आहेत. ‘अभिवादनाला येतात की सहलीला?’ असे ते विचारतात. त्यांना उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी वस्तीतील आठ-दहा जणांना घेऊन मी ७ डिसेंबरला मलबार हिलवर गेलो होतो. चर्नी रोडला उतरून बसने टेकडीवर चढलो. वर समोरासमोर दोन बागा आहेत. एक फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात, आणि दुसरे कमला नेहरू पार्क, म्हातारीच्या बुटाचे. पोरे बुटाकडे धावली. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली बाई. दमली होती, म्हणून एका रिकाम्या बाकाशेजारी खाली जमिनीवरच बसली. मी म्हणालो, ‘‘आजी, बाकावर बसा की.’’

ती म्हणाली, ‘‘नगं बाबा. कोन उठ म्हनलं तर?’’

खरे सांगायचे तर तिला कोणीच काही म्हटले नव्हते. फाटकावर कोणी जात विचारली नव्हती, आत कोणी हटकले नव्हते. अडवणारा माणूस त्या बागेत नव्हताच. तो आजीच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला होता. तिथेच उभा राहून मी तिला समजावले, की हा बाक सरकारी पैशातून केलेला आहे, म्हणजे तुझ्या-माझ्या पैशातून केलेला आहे. ती बसली. आधी कडेला, मग हळूहळू नीट टेकून.

वकिली करताना घटनेतील कलमांचा उल्लेख रोज होतो. पण घटनेचे कलम १५(२) माझ्या डोळ्यांसमोर खरे उभे राहिले ते त्या दिवशी. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबरच विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ यांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे हे कलम सांगते. बाग ही अशीच राबत्याची जागा आहे. अस्पृश्यतेवरून तिथे कोणाला अडवले, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ खाली तो गुन्हा ठरतो. आजीचे बाकावर बसणे ही कोणाची मेहेरबानी नव्हती!

हा हक्क आपोआप मिळालेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोहोचला नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर ‘तळे खासगी आहे’ असा दावा घेऊन विरोधक कोर्टात गेले. तो लढा मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने संपला. म्हणजे हक्क कागदावर यायला एक लढा, तो वापरायला दुसरा आणि टिकवायला तिसरा!

आता त्या टेकडीवरची एक गोष्ट लक्षात घ्या. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा ब्रिटिश काळातील जलाशय आहे. बाग म्हणजे त्या पाण्याचे छप्पर. ज्यांच्या सावलीने पाणी बाटत होते, त्यांची नातवंडे त्याच पाण्यावर धावत होती आणि खालचे पाणी सारी दक्षिण मुंबई पीत होती. विटाळाच्या थोतांडाला याहून मोठे उत्तर कोणते?

कमला नेहरू पार्कच्या कठड्यावरून खाली गिरगाव चौपाटी दिसते. तिथे बोट दाखवून मी पोरांना सांगितले, की त्याच बाजूला चर्नी रोड स्टेशनजवळ एक बाग आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भीमराव त्या बागेत वाचत बसायचा. घरी चाळीची एक खोली, तिथे माणसे, भांडी, चूल आणि धूर. बागेत मात्र जागा होती आणि उजेड होता. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला हेरले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते हेच बोले, आणि केळुसकरांनी भीमरावाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका सार्वजनिक बागेतील ओळखीने केवढा इतिहास घडवला, याचा विचार करा.

दुसरी बाग बडोद्याची. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून काठ्या घेतलेल्या लोकांनी हुसकावले. दोन मित्रांनी आसरा दिला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे काही तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. धर्मशाळेने जात विचारली, मित्रांच्या घरांनी जात पाहिली. बागेने काही विचारले नाही. घर नाकारलेल्या माणसाला जी जागा नाकारत नाही, तिला सार्वजनिक जागा म्हणतात.

म्हणूनच बागेत जाणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. आपल्या बापजाद्यांना राबणे माहीत होते, निवांत बसणे माहीत नव्हते. रिकामा बसलेला महार-मांग गावाला खपत नसे. ज्याला विसावा नाही त्याला वाचन नाही, आणि ज्याला वाचन नाही त्याला चळवळ नाही. श्रमिकाने बायकामुलांसह झाडाखाली बसावे, हाही स्वाभिमानाचाच भाग आहे.

परतीच्या गाडीत आजीने मला विचारले, ‘‘वकीलसायेब, असली बाग आपल्या वस्तीजवळ का न्हाई?’’ या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली आणि कारखान्यांचे आमचे गाव शहर म्हणवू लागले. शहर म्हटले की विकास आराखडा आला आणि आराखड्यात बागेची आरक्षणे आली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराचा आराखडा पाहा, त्यात हिरवे ठिपके दिसतील. जागेवर जाऊन पाहिले, तर अनेक ठिकाणी बाभळी किंवा कचऱ्याचे ढीग सापडतील.

आणि आरक्षण कायमचे नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. बाग उगवण्यापूर्वीच मरते, आणि तिच्या मरणाला वस्तीतले कोणी हजर नसते.

श्रीमंत लोक मात्र हजर असतात. मलबार हिलच्या जलाशयाच्या पुनर्बांधणीसाठी झाडे तोडावी लागणार आणि बाग बंद राहणार, असे दिसताच २०२३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि तज्ज्ञांची समिती नेमायला लावली. त्यांचा द्वेष करू नका, त्यांच्याकडून शिका. बंगळुरूच्या रहिवाशांनीही असेच केले. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली, तेव्हा ते कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बी. एस. मुद्दप्पा खटल्यात ते वाटप बेकायदा ठरवले. हा निकाल आपल्या वस्तीलाही तितकाच लागू आहे.

नवा धोकाही ओळखा. २०२५ मध्ये त्याच टेकडीवर झाडांमधून जाणारी उंच लाकडी पायवाट सुरू झाली. उत्तम काम आहे. पण आत जायला भारतीयांना २५ रुपये तिकीट आणि मोबाईलवरून नोंदणी. पाच जणांच्या कुटुंबाला १२५ रुपये. साधा फोन वापरणाऱ्या आजीने काय करायचे? इथे जात कोणी विचारत नाही, हे खरे. पण फाटक पुन्हा उभे राहते आहे, हेही तितकेच खरे.

तेव्हा बांधवांनो, जयंतीच्या मंडळांनी यंदा एक काम जास्त करावे. आपल्या प्रभागाच्या विकास आराखड्याची प्रत मिळवा. बागेची आरक्षणे कोणत्या गटात आहेत ते पाहा. ताबा कोणाकडे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. हरकतींची मुदत लागली की वस्तीच्या सह्यांनिशी हरकत दाखल करा. आणि ६ डिसेंबरला मुंबईला गेलात, तर अभिवादनानंतर म्हाताऱ्या माणसांना त्या टेकडीवर जरूर न्या. त्यांना बाकावर बसवा. मग गावी येऊन तसाच बाक मागा. जय भीम!