डिस्टिलरीची निविदा आणि चार भिंतींआडचा खून: राखून ठेवलेल्या निकालाचा नागपुरी इतिहास

१/ घरात दोघेच होते. सकाळी पत्नी मृतावस्थेत आढळली. पाहणारा कोणी नाही, कबुली नाही. पतीवर खुनाचा आरोप ठेवला गेला, साक्षी झाल्या, युक्तिवाद संपले आणि न्यायालयाने निकाल राखून ठेवला. अशा खटल्यात भारतीय न्यायालये आज जी कसोटी लावतात, ती सर्वोच्च न्यायालयात प्रस्थापित झाली ती मात्र खुनाच्या खटल्यातून नव्हे. नागपुरात चाललेल्या, एका डिस्टिलरीच्या ठेक्याच्या खटल्यातून ती आली.

२/ निकालाची वाट पाहणारा समाज विचारतो, ‘त्याने केले की नाही?’ न्यायालय विचारते, ‘पुराव्यांची साखळी पूर्ण झाली की नाही?’ हे दोन प्रश्न एकच आहेत असे वाटते, पण तसे नाही. दुसरा प्रश्न आरोपी पतींना सोडवण्यासाठी रचलेली पळवाट आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर हा आक्षेप चुकीच्या दाराशी उभा आहे हे ध्यानात येते.

३/ आरंभ ज्यूरीपासून करावा लागतो. ब्रिटिश अमदानीत १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयातील खटला ज्यूरीसमोर किंवा असेसरांच्या साहाय्याने चाले. कोणत्या जिल्ह्यात ज्यूरी बसावी, हे प्रांतिक सरकार ठरवी. असेसरांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. ज्यूरीचे वजन अधिक होते. तिच्याशी मतभेद झाला, तर सत्र न्यायाधीशाला प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागे.

४/ त्या काळी निकालाची वाट पाहणे म्हणजे एका बंद दाराकडे पाहणे. ज्यूरी उठून आत जाई, परतल्यावर तिचा प्रमुख एक-दोन शब्द उच्चारी आणि माणसाचे आयुष्य ठरे. का ठरले, हे कोणी सांगत नसे. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत, त्यामुळे तिच्या निकालावरचे अपीलही मुख्यतः कायद्याच्या मुद्द्यापुरतेच मर्यादित असे. आणखी एक गोष्ट: मूळ संहितेने ज्यूरीचे कर्तव्य २१ ते ६० वर्षांच्या पुरुषांवर सोपवले होते. पत्नीच्या मृत्यूचा न्याय करायला बसणारे सगळे पुरुष. ज्यूरीविषयी हळहळ वाटणाऱ्यांनी हे विसरू नये.

५/ ज्यूरीचे नाव निघाले की मराठी वाचकाला १९५९ चा नानावटी खटला आठवतो. नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. मुंबईतील नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो निकाल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे आरोपी दोषी ठरला, जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने उघड मोहीम चालवली होती.

६/ ‘नानावटी खटल्यामुळे भारतातून ज्यूरी गेली’ ही दंतकथा आहे. ज्यूरी रद्द करावी अशी शिफारस मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे त्या गोळ्या सुटण्याच्या आदल्या वर्षीच केली होती. शिवाय नानावटीनंतरही काही प्रांतांत ज्यूरी बसत राहिली. तिला कायद्यातून निरोप मिळाला तो १९७३ च्या नव्या संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली.

७/ ज्यूरी गेली, पण ज्यूरीला उद्देशून दिलेला एक इशारा मात्र राहिला. १८३८ मध्ये इंग्लंडातील लिव्हरपूल येथे हॉज नावाच्या आरोपीवर खुनाचा खटला चालला. पुरावा संपूर्णपणे परिस्थितीजन्य होता. न्यायाधीश ऑल्डरसन यांनी ज्यूरीला बजावले त्याचा आशय असा: सुट्या घटना एकमेकींशी जुळवून घेण्यात माणसाच्या मनाला आनंद वाटतो. जुळत नसतील, तर थोडी ओढाताण करूनही ते त्या एका कथेत बसवते. मन जितके कल्पक, तितका फसण्याचा धोका अधिक.

८/ हा इशारा आरोपीविषयी नाही, न्याय करणाऱ्याविषयी आहे. साक्षीदार खोटे बोलू शकतो हे सर्वांना ठाऊक असते. आपली स्वतःची बुद्धी रिकाम्या जागा आपणहून भरते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला तर हा मोह रोजचाच: दोन कागदांमध्ये वीस वर्षांची पोकळी असते आणि लेखणी ती एका वाक्यात बुजवून मोकळी होते.

९/ आता नागपूर. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि १९३६ पासून येथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते. आज मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सिव्हिल लाइन्समधील ज्या दगडी वास्तूत भरते, ती त्या न्यायालयासाठीच उभारली गेली. प्रांताच्या अबकारी आयुक्तांवर आणि एका ठेकेदारावर याच शहरात आरोप ठेवला गेला, की सिवनी येथील डिस्टिलरीचा ठेका मिळवण्यासाठी त्यांनी संगनमत करून बनावट कागद तयार केले.

१०/ प्रत्यक्ष पाहणारा कोणी नव्हता. सारा वाद कागदांभोवती फिरत होता: अमुक पत्र मागची तारीख घालून लिहिले का, ते कोणत्या टंकलेखन यंत्रावर उमटले, ते यंत्र तेव्हा अस्तित्वात होते का. नागपूरच्या न्यायालयांनी आरोपींना दोषी धरले. प्रकरण दिल्लीला गेले आणि २३ सप्टेंबर १९५२ रोजी ‘हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या नावाने त्याचा निकाल लागला. आरोपी निर्दोष सुटले.

११/ निकालपत्र न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचे. त्यांनी ऑल्डरसन यांचा लिव्हरपूलचा इशारा उद्धृत केला आणि पुढे नियम मांडला: प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे सिद्ध झाली पाहिजे, सर्व परिस्थिती मिळून केवळ आरोपीच्या दोषाकडेच निर्देश करणाऱ्या असाव्यात, आणि त्याच्या निर्दोषत्वाला वाजवी जागा उरू नये इतकी साखळी पूर्ण असावी. ज्या निकालातून हा नियम आला, त्यातील टंकलेखनतज्ज्ञाच्या साक्षीविषयीचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बदलले. साखळीचा नियम मात्र टिकून आहे.

१२/ नागपूरशी असलेले नाते इथेच संपत नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात होते. अजमेरच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रवासभत्त्याच्या खटल्यात त्यांनी पुरावा कायद्याच्या कलम १०६ ची मर्यादा आखली. जी गोष्ट विशेषकरून एखाद्यालाच माहीत असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, असे हे कलम सांगते. बोस यांचे म्हणणे असे, की याचा सैल अर्थ लावला तर खुनाच्या प्रत्येक खटल्यात आरोपीलाच निर्दोषत्व सिद्ध करावे लागेल. कारण खून केला की नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

१३/ नागपूरचेच दुसरे माजी मुख्य न्यायाधीश म्हणजे एम. हिदायतुल्ला. त्यांच्यासमोर पुण्याच्या एका डॉक्टरचा खटला आला. आपल्या श्रीमंत विधवा रुग्णाला रेल्वे प्रवासात विष देऊन मारल्याचा त्याच्यावर आरोप होता. शवविच्छेदनात विष सापडले नाही. तरीही डिसेंबर १९५९ मध्ये बहुमताने फाशी कायम झाली. मृत्यूनंतर ती जिवंत असल्याचे भासवणारी बनावट पत्रे आणि तिची मालमत्ता हडपण्याचे डाव, अशी एकेक कडी सिद्ध होत गेली होती. तिसरे न्यायमूर्ती सरकार यांनी भिन्न मत नोंदवले. साखळीचा नियम आरोपीला हमखास सोडवतो, या समजाला हा निकालच उत्तर आहे.

१४/ या नियमाची खरी परीक्षा १९८४ मध्ये झाली. जून १९८२ मध्ये पुण्यात, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक तरुणी पोटॅशियम सायनाइडने मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिचे दुःख स्पष्ट दिसत होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले. आत्महत्येची शक्यता पुराव्याने खोडून निघाली नव्हती.

१५/ न्यायमूर्ती फजल अली यांनी १९५२ च्या नागपूर प्रकरणातील नियमाची पाच सूत्रे केली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. दीक्षाभूमीच्या शहरात हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सूत्रांचा गाभा एवढाच: परिस्थिती ‘सिद्ध झाली असावी’ असे म्हणून भागत नाही, ती ‘सिद्ध झालीच’ पाहिजे, आणि दोषाखेरीज दुसरे कोणतेही संभाव्य स्पष्टीकरण शिल्लक राहता कामा नये. संशय कितीही दाट असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

१६/ येथे आक्षेपाला पूर्ण न्याय दिला पाहिजे. घर ही साक्षीदार नसलेली जागा आहे. रस्त्यावरच्या खुनाला दहा डोळे असतात. स्वयंपाकघरातल्या खुनाला एकही नसतो, आणि असलेच तर ते सासरचे असतात. मग साखळी पूर्ण करण्याची अट विवाहितेच्या मृत्यूत क्रूर ठरत नाही का? ज्या तरुणीची पत्रे न्यायालयात वाचली गेली, तिच्या मृत्यूला ‘पुरावा अपुरा’ हे उत्तर पुरेसे आहे का?

१७/ कायद्याने हा प्रश्न ऐकला. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्ध कलम ४९८-अ आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या आत्महत्येबाबत छळ सिद्ध झाल्यास पतीविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा मिळाली. अशा मृत्यूच्या तपासाचे नियमही कडक झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीचा स्वतंत्र गुन्हा आला. खुनाची कसोटी सैल करण्याऐवजी कायद्याने वेगळे गुन्हे निर्माण केले आणि त्यांच्यासाठी वेगळी अनुमाने ठरवली. हा मार्ग अधिक प्रामाणिक होता.

१८/ न्यायालयानेही तोल साधला. महाराष्ट्रातल्याच ‘त्रिमुख मारोती किरकन’ खटल्यात पत्नी सर्पदंशाने गेल्याचे सांगितले गेले, शवविच्छेदनात मात्र गळा दाबल्याचे निघाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की घराच्या आत गुन्हा घडतो तेव्हा तेथे राहणाऱ्यांना पटण्याजोगा खुलासा द्यावा लागेल. गप्प बसून किंवा खोटे बोलून सुटता येणार नाही. मात्र सरकार पक्षाने आधी आपल्या कड्या सिद्ध केल्या पाहिजेत, ही अट राहिलीच. बोस यांनी आखलेली रेघ पुसली गेली नाही. आज हेच कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात १०९ क्रमांकाने आहे.

१९/ तेव्हा दोष द्यायचा तर कोणाला? कडी कोर्टात तुटलेली दिसते, पण ती बहुधा फार आधी तुटलेली असते: पंचनामा उशिरा होतो, खोली मोहोरबंद केली जात नाही, माहेरच्यांचे जबाब आठवड्यांनी नोंदवले जातात, नमुने प्रयोगशाळेत पडून राहतात. निकालाच्या दिवशी न्यायाधीशावर संतापणे सोपे असते. घटनेच्या दुसऱ्या दिवशी तपासावर लक्ष ठेवणे कष्टाचे असते, आणि मृत स्त्रीला न्याय मिळण्याची वाट त्या कष्टातूनच जाते.

२०/ कायद्यातून गेलेली ज्यूरी आज प्रत्येक हातातल्या पडद्यावर बसली आहे. जुन्या ज्यूरीत अनेक दोष होते. तरी तिने शपथ घेतलेली असे, दोन्ही बाजूंचा पुरावा समोर बसून ऐकलेला असे आणि आत जाण्यापूर्वी न्यायाधीशाने तिला मनाच्या मोहाविषयी सावध केलेले असे. नव्या ज्यूरीपाशी यातले काहीच नसते. तिच्यापाशी एक लग्नाचे छायाचित्र असते, कॅमेऱ्यातले अर्ध्या मिनिटाचे चित्रण असते आणि बाकीची कथा ती स्वतः रचते.

२१/ म्हणून पुढच्या वेळी नागपूरच्या, पुण्याच्या किंवा कोठल्याही सत्र न्यायालयात असा निकाल राखून ठेवला गेला, तर वाट पाहताना काही प्रश्न हाताशी ठेवावेत. कोणत्या गोष्टी सिद्ध झाल्या आणि कोणत्या फक्त जुळल्या? दुसरे स्पष्टीकरण खोडले गेले, की कोणी विचारातच घेतले नाही? आरोपीने काय खुलासा दिला? तपासाने कोणती कडी हातची घालवली? ज्यूरी कारणे देत नव्हती, न्यायाधीशाला ती लिहावी लागतात. निकाल लागल्यावर मथळ्यापाशी न थांबता निकालपत्र उघडून ही उत्तरे त्यात शोधावीत.