आजी दिसली, पण आवाज कुठाय?

रायपूरच्या घरी ओव्या म्हणणाऱ्या आजीचा व्हिडिओ मामाने यूट्यूबवर टाकला होता. आता आजी नाही, मूळ फोन नाही आणि मामाला पासवर्डही आठवेना! म्हणून मी वायटी-डीएलपी हा मोफत, ओपन सोर्स प्रोग्राम घेतला. सगळ्यात स्वच्छ चित्र मागितलं, तर आल्या दोन फाइली. पहिली उघडली, आजी मुकी!

तुमचंही असं झालं तर घाबरू नका. यूट्यूबवर चांगल्या दर्जाचं चित्र आणि आवाज वेगवेगळे असतात. ते जोडतं एफएफएमपेग, आणि तेच मी टाकलं नव्हतं. त्याची लिंक वायटी-डीएलपीच्या गिटहब पानावरच मिळते. विंडोजवर दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एरर आली तर आधी अपडेट करा. साइट बदलली की जुनी आवृत्ती अडते. आणि हो, उतरवायचं ते आपलं किंवा परवानगीचंच.

पेन ड्राइव्हची एक प्रत मामालाही दिलीय.