बंदुकीचें वय आणि पेल्याचें वय

वऱ्हाडांत मेडशी या गांवीं आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें घर आहे. चार पिढ्या एका छपराखालीं नांदणारें, वडीलधाऱ्यांचा शब्द अजून मानणारें असें तें कुटुंब. गेल्या महिन्यांत तेथें दोन दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां घरांत एकाच कागदाची चर्चा चालली होती. धाकट्या सुनेचा मुलगा साडेसतरा वर्षांचा. त्याला 'अग्निवीर' म्हणून सैन्यांत जावयाचें होतें. वय अठराच्या आंत असल्यामुळें भरतीच्या कागदावर आईबापांची अथवा पालकांची सही लागते. वडील हयात नाहींत. आईनें "मामंजी म्हणतील तसें" म्हणून कागद आजोबांपुढें ठेवला होता, आणि आजोबा सही करीत नव्हते.

इतक्यांत मुलाचा थोरला चुलतभाऊ, वय तेवीस, हंसून म्हणाला, "आजोबा, सरकारचा हिशेब तरी पाहा! याच्या हातीं साडेसतराव्या वर्षीं बंदूक द्यावयाची, आणि मला तेविसाव्या वर्षीं व्हिस्कीचा पेला द्यावयाचा नाहीं!" घरांतील मंडळी हंसली. आजोबा मात्र हंसले नाहींत.

थट्टेचा भाग सोडला तरी प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें मद्य पिण्यास परवाना लागतो. बियर व वाइन यांसाठीं वयाचीं २१ वर्षें, आणि व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. उलट मत देण्याचा अधिकार १९८९ पासून १८ व्या वर्षीं मिळतो, आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेनें सैन्याचें दार साडेसतराव्या वर्षींच उघडतें.

इतिहासाकडे पाहिलें तर ही विसंगति अधिकच टोंचते. माणगांवकडील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तेथेंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय २२. कारगिलच्या युद्धांत १९९९ सालीं योगेंद्रसिंह यादव यांनीं टायगर हिलवर परमवीरचक्र मिळविलें, तेव्हां ते १९ वर्षांचे होते. आमच्या राज्याच्या आजच्या नियमानें या दोघांपैकीं एकालाहि कडक मद्याचा परवाना मिळाला नसता.

मग ज्याला देशासाठीं मरतां येतें त्याला पेला कां नाकारावा? या युक्तिवादाचें फळ अमेरिकेनें चाखलें आहे. व्हिएतनामच्या युद्धकाळांत "लढावयास पाठवितां, मग मत कां नाहीं?" अशी हांक उठली. १९७१ सालीं मताचें वय १८ वर आलें, आणि त्याच ओघांत अनेक राज्यांनीं मद्याचेंहि वय खालीं आणलें. परिणाम रस्त्यांवर दिसला. दारूच्या अमलांत मोटारी हांकून तरुण मुलें मरूं लागलीं. अखेर १९८४ सालीं, २१ वर्षांची मर्यादा न पाळणाऱ्या राज्याचा रस्त्यांसाठींचा निधि कापण्याचा कायदा करावा लागला.

आम्हांस वाटतें तें असें. मद्याची वयोमर्यादा ही मुलाच्या योग्यतेची परीक्षा नव्हे. तें कुंपण आहे. धाडस अंगीं लवकर येतें, संयम उशिरां येतो. फौजेंत धाडसावर शिस्तीचा पहारा असतो. गुत्त्यांत तो नसतो. तेव्हां चूक शोधावयाची ती पेल्यापाशीं नव्हे, बंदुकीपाशीं. अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणासहि प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रांत धाडणार नाहीं, असें आपल्या सरकारनें २००५ सालीं संयुक्त राष्ट्रांस लिहून दिलें आहे. म्हणजे अठराचें महत्त्व सरकारासहि मान्य आहे. मग दार सहा महिने उशिरां उघडलें तर काय बिघडेल? जीव पणास लावण्याच्या कागदावर ज्याची सही, त्याचीच ती असावी, आजोबांची नव्हे.

आणखी एक गोष्ट घरोघरीं ध्यानांत घ्यावी. चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा अग्निवीर सैन्यांत राहतात. बाकीचे सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरीं येतात. साडेसतराव्या वर्षीं गेलेला मुलगा तेव्हां साडेएकवीस वर्षांचा असतो. हातीं पैसा, पुढें उद्योग नाहीं, आणि वय न विचारणारीं दुकानें वाटेवर. कायद्याचें कुंपण तेथें मोडकेंच असतें. त्या वेळीं घराचें दार उघडें आणि घरांत कामाची जागा तयार असली, तरच तो सांवरेल.

निघण्यापूर्वीं आजोबांनीं नातवाला जवळ बसविलें. "भरतीची वरची मर्यादा अजून दूर आहे," ते म्हणाले. "सहा महिने थांब. अठरा पुरीं झालीं कीं तूंच सही कर. अकोल्यापर्यंत पोंचवावयास मी स्वतः येईन."

कागद घडी घालून देवघरांतील पेटींत ठेवला गेला. मुलगा हिरमुसला होता. पण आई त्या दिवशीं पोटभर जेवली.