सोप्यातील ओल

बेळगुंदीच्या जुन्या घरांतून कुत्रा पाळला जाई, पण तो अंगणात किंवा गोठ्याच्या आडोशाला. सारवलेल्या सोप्यात त्याने पाऊल टाकलेच, तर घरातील वडील माणूस नुसते खाकरे आणि तेवढ्याने भागत असे. पिलाला घरात राहण्याची शिस्त लावण्याचा प्रश्न त्यामुळे कोणापुढे आलाच नाही.

आमच्यापुढे तो गेल्या आषाढात आला. मुधोळ जातीचे आठ आठवड्यांचे पिलू घरी आणले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांचे संवर्धन केले आणि २००५ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले. अशा कुलवंताने दुसऱ्याच दिवशी देवघराच्या उंबऱ्याशी तळे करावे, हे आमच्या तीर्थरूपांस रुचणे शक्य नव्हते.

बाहेर सोडावे, तर पावसाची झड लागलेली. शिवाय पार्वोचे भय. १९७८ च्या सुमारास प्रथम आढळलेल्या या रोगाचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात, आणि पिलाच्या लसी पूर्ण होण्यास सुमारे सोळा आठवडे लागतात. तोवर गावातील कुत्री फिरतात तेथे त्याला नेऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणून मुलाने बेळगावहून शोषक पॅड आणले. लंगोटासारखे हे पॅड ओल शोषून घेते. पूर्वी हेच काम रद्दी वर्तमानपत्रे करीत.

पहिल्या आठवड्यात आमच्या हातून जे घडले, ते सांगताना संकोच वाटतो. पॅड रोज नव्या कोपऱ्यात अंथरले, चुकले की ओरडलो आणि एका जाणत्याच्या सल्ल्याने पिलाचे नाकही ओलीत घासले. पिलाने त्यातून धडा घेतला, पण तो निराळाच. घरात लघवी करणे हा त्याच्या लेखी अपराध ठरला नाही. आमच्यादेखत करणे हा मात्र ठरला. मग ते भाताच्या कणगीमागे जाऊ लागले. वास आला, की शोध सुरू! तीर्थरूप म्हणाले, "आठ दिवस पाहू. नाहीतर त्याला शेतावर पाठवा." त्या पावसात, त्या वयात, शेतावर म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक होते.

तेव्हा वही घातली. झोपेतून उठताच, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आणि खेळ थांबताच, या तीन वेळा जवळजवळ चुकत नसत. दोन महिन्यांचे पिलू दिवसा दोन-तीन तासांपलीकडे कळ काढू शकत नाही. त्याला खोडकर म्हणण्यात अर्थ नव्हता. जेवणाच्या ताटलीपासून दूर एकच कोपरा ठरविला. वेळ झाली की उचलून तेथे न्यावयाचे, काम होताच लगेच शाबासकी आणि बोटाएवढा भाकरीचा तुकडा. लगेच म्हणजे त्याच क्षणी. स्वयंपाकघरातून तुकडा आणेपर्यंत पिलू कशाची शाबासकी मिळाली, हे विसरलेले असते.

आमची फरशी शहाबादी. तिच्या सांध्यांत लघवी मुरते आणि वास पिलाला पुन्हा तेथेच बोलावतो. फिनेलने आम्हांला स्वच्छ वाटते, पण पिलाने ते चाटणे घातक. पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून फरशी कोरडी केली, तेव्हा कुठे उंबरा सुटला.

पॅडचेही दोष आहेत. पिलू ते फाडते. आतील फुगणारे कण आणि प्लास्टिक गिळले तर आतडे तुंबू शकते, म्हणून चौकटीत अडकवावे. आणि पायाखाली मऊ लागले की हीच ती जागा, असा त्याचा समज होतो. आमच्या आत्यांची गोधडी त्या समजाला बळी पडली. इंदूर-हैदराबादेत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पॅड सज्जात कायमचे ठेवावे; आम्हांला मात्र अंगण होते. म्हणून ते रोज वीतभर परसदाराकडे सरकविले. एकदा घाईने दोन हात सरकविले, तर पिलू जुन्याच जागी बसले, आणि पुन्हा मागे यावे लागले.

श्रावणात एका रात्री परसदाराशी कुईकुई ऐकू आली. आम्ही उठेतो तीर्थरूप डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कडी काढीत होते. पिलू चिखलात गेले. "लवकर आटप रे," ते म्हणाले आणि दार धरून उभे राहिले.