हिवाळी नौकाविहार आणि ठेक्याचे गणित

दिवाळीची सुटी लागली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर वल्ह्यांचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधविलेला हा तलाव मुळात पाणी साठविण्याकरिता होता. आज मात्र त्याची ओळख पाण्यापेक्षा होड्यांमुळे अधिक आहे. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर दव गोठते, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात आणि ती पाहून पुढच्या शनिवार-रविवारी गर्दी वाढते. इतरत्र थंडी गिऱ्हाइकांना घरी बसविते. गिरिस्थानावर तीच थंडी विक्रीचा माल होते. या मालाची किंमत तिकिटावर छापलेली असते, त्यातील जोखमीची किंमत मात्र कोठेही छापलेली नसते. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी किंमत आहे.

वल्हविण्याच्या आनंदाबद्दल आम्हांला तक्रार नाही. उलट, यंत्राच्या नावेत बसून तलावाला घाईने फेरी मारण्यापेक्षा स्वतः वल्हे हाती धरून धापा टाकणे केव्हाही श्रेयस्कर. थंड हवेत अंग तापते, तळहाताला घट्टे पडतात, दोन्ही हातांचा जोर सारखा नसल्याचे नाव वाकडी जाऊ लागताच कळते. वल्हविणारा जिकडे जातो तिकडे त्याची पाठ असते आणि सोडून आलेला काठच त्याला दिसत राहतो. आमच्या नियोजनकर्त्यांचेही थोडेफार असेच असते, पण तो विषय वेगळा. महाराष्ट्रात या खेळाला परंपराही आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या पाणीटंचाईच्या गावचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तेथे नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेराव्या क्रमांकावर आला. परंतु सैन्य आणि काही महाविद्यालये सोडली तर सामान्य कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती सहलीतली घटकाभराची होडी. म्हणूनच त्या घटकाभराची व्यवस्था कशी आहे, हे पाहिले पाहिजे.

थंडीसंबंधी एक भ्रम आधी दूर करावा लागेल. हवा गार म्हणजे पाणी गार आणि हवा उबदार म्हणजे पाणी उबदार, असे आपण गृहीत धरतो. पाणी मात्र हवेच्या बरेच मागून चालते. नोव्हेंबरातील सकाळी तलावावर वाफेसारखे धुके दिसते, कारण तेव्हा पाणी हवेहून उबदार असते. पुढे पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड होते व खाली बसते, खालचे वर येते, आणि हळूहळू साराच तलाव गार होतो. तो पुरता गार होईपर्यंत जानेवारी उलटून गेलेला असतो. त्या सुमारास दुपारचे ऊन सुखद वाटू लागलेले असते आणि लोक स्वेटर काढून नावेत बसतात. मूल्यवाढीचा परिणाम उशिरा जाणवतो हे आम्ही वर्गात शिकवितो. तलावाचे शास्त्र त्याहून फारसे निराळे नाही. वेण्णा सौम्य आहे. पण आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे सुटीत नैनितालला जातात. तो तलाव १,९३८ मीटर उंचीवर असून त्याची कमाल खोली सुमारे २७ मीटर आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या पृष्ठभागाचे पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

अशा पाण्यात माणूस अचानक पडला की काय होते? पोहता येणारा पोहत काठाला येईल, असे उत्तर बहुतेक जण देतील, आणि ते चुकीचे आहे. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. १५ अंशांखालील पाण्याचा त्वचेला एकदम स्पर्श झाला की माणूस अनावरपणे मोठा श्वास आत घेतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यानेच घात होतो. पुढची दोन-तीन मिनिटे श्वास लागत राहतो व हृदयावर ताण येतो. त्यानंतर हातापायांतील रक्तप्रवाह आखडू लागतो, बोटे वळेनाशी होतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात गळून पडतात. शरीर आतून गारठून शुद्ध हरपणे ही त्यानंतरची अवस्था. तिला सामान्यतः अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. अर्थात थंड पाण्यात माणसे गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडून मरतात. बाकाखाली गाठोडे करून ठेवलेले जीवरक्षक जॅकेट अशा वेळी कामाचे नसते. पाण्यात पडल्यावर ते शोधावे, अंगात चढवावे आणि बंद आवळावेत, एवढी शक्ती बोटांत उरत नाही. ते धक्क्यावरच अंगात असले पाहिजे.

कौशल्य हा यावरील उपाय नव्हे. डिसेंबर २००० मध्ये स्पेनमधील एब्रो नदीवर सराव करीत असलेल्या ऑक्सफर्डच्या खेळाडूंची नाव लाटांच्या पाण्याने भरली आणि त्यांतील एक विद्यार्थी बुडाला. ही रोज वल्हविणारी, कसलेल्या अंगाची तरुण मुले होती. पाण्याने भरल्यावरही नाव माणसांना धरून तरंगत राहावी अशी तिची घडण असावी, यासाठी त्या मुलाच्या आईवडिलांनी पुढे दीर्घ काळ चळवळ केली.

आता ठेक्याकडे वळू. तलाव सार्वजनिक मालकीचा असतो. काही ठिकाणी नगरपालिका स्वतः होड्या चालविते. पुष्कळ ठिकाणी सर्वाधिक बोली देणाऱ्याला ठेका मिळतो. ही रीत वरवर निर्दोष दिसते. परंतु ठेकेदाराचा हंगाम किती? पावसाळा बुडालेला, उन्हाळ्यात सुटीचे काही आठवडे, आणि खरी कमाई दिवाळीपासून नववर्षापर्यंत व पुढे सहलींच्या महिन्यात. म्हणजे पाणी गार होत जाते त्याच दिवसांत वर्षाची बोली वसूल करावयाची. समजा, नाव सहा जणांची आहे. तीत आठ बसविले तर फेरीचे उत्पन्न एकतृतीयांशाने वाढते. वल्हविणाऱ्याची मजुरी तीच राहते, नावेची झीज जवळपास तीच, जादा खर्च शून्य. नावेचे पाण्यातील क्षेत्र पाच चौरस मीटर धरले तर दोन जादा माणसांच्या भाराने तिची कड पाण्याच्या सुमारे तीन सेंटीमीटर जवळ येते. तीन सेंटीमीटर काठावरून कोणाला दिसणार? छायाचित्रासाठी कोणी उभा राहिला, त्याच्याकडे पाहून बाकीचे एका अंगाला झुकले, की ते दिसतात. नफा ठेकेदाराचा आणि जोखीम प्रवाशाची, अशी ही वाटणी आहे. बोली जितकी चढी, तितकी आठव्या माणसाची गरज अधिक. ठेकेदार दुष्ट असण्याचे कारण नाही. सज्जन ठेकेदार कमी बोली देईल आणि ठेक्याला मुकेल.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली, आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेहून अधिक जण होते आणि सर्वांच्या अंगात जॅकेटे नव्हती. तो तलाव महानगरपालिकेने २०१७ मध्ये एका खाजगी संस्थेकडे चालविण्यास दिला होता. तेथे थंडी हे मृत्यूचे कारण नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण हंगाम मात्र हाच होता. आपल्या शाळांच्या सहलीही याच दिवसांत निघतात. तिकिटाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या शिक्षकाला नावेची क्षमता विचारण्याचे सुचत नाही, आणि सुचले तरी सांगणारा कोण, तर तिकीट विकणाराच. ज्या बाजारात माल कसा आहे हे फक्त विक्रेत्याला ठाऊक असते, त्या बाजारात गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे जहाजमालक विम्याच्या भरवशावर जुनी जहाजे गळ्यापर्यंत भरून पाठवीत. सॅम्युअल प्लिम्सॉल या खासदाराने त्याविरुद्ध पार्लमेंटात आकाशपाताळ एक केले, आणि १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाररेषा सक्तीची झाली. गंमत अशी की ती रेषा कोठे ओढायची हे कायद्याने मालकावरच सोपविले होते! ती पळवाट बुजविण्यास १८९० साल उजाडावे लागले. आपली स्थिती आज या दोन सालांच्या मध्ये कोठेतरी आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका-सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याचा मुख्य रोख यंत्रचलित नौकांवर असला तरी वल्ह्याच्या नावांसाठीही त्यात तरतूद आहे. त्यांची नोंद व सुरक्षेची किमान मानके ही कामे राज्यांनी स्थानिक संस्थांमार्फत करावयाची आहेत. म्हणजे ज्या नगरपालिकेला बोलीचे पैसे हवेत, बहुधा तीच नियम पाळले जातात की नाही हे पाहणार. रेषा मालकानेच ओढण्यातला हा प्रकार झाला.

नियम वाढविले तर नावाड्यांच्या पोटावर पाय येईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. जेथे मजुरी फेरीगणिक मिळते तेथे नावाडी घाई करणार, मावळतीनंतरची शेवटची फेरीही मारणार. हिवाळ्यात तर दिवस लवकर मावळतो. नाव उलटली तर पहिला गुन्हा त्याच्यावर दाखल होतो, आणि पाण्यात तोही पडलेला असतो. त्याला हंगामाचा ठरीव पगार मिळाला तर आठव्या माणसाला उतरवून देण्याचे धैर्य त्याला परवडेल. ते कसे शक्य होईल? चढ्या बोलीची रीत सोडून नगरपालिकेने ठेक्याची रक्कम आधीच ठरवावी, आणि नावांची अवस्था, जॅकेटांची संख्या व मापे, बचावाची स्वतंत्र नाव आणि नावाड्यांची वेतने यांवर इच्छुकांत स्पर्धा होऊ द्यावी. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे हा यातला महत्त्वाचा मुद्दा आहे. मोठ्यांचे सैल जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर राहते आणि मूल त्यातून निसटते. नगरपालिकेचे उत्पन्न यात काही प्रमाणात घटेल. ते घटू द्यावे. आजच्या उत्पन्नाचा एक भाग आठव्या माणसाकडूनच आलेला आहे.

यातील काही गोष्टींना निविदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक नावेला पूर्ण भार असताना पाणी जेथे येते तेथे पांढरी रेषा ओढावी आणि नावेवर माणसांचा आकडा वीतभर अक्षरांत लिहावा, म्हणजे धक्क्यावरच्या शाळकरी मुलालाही तो वाचता येईल. रेषा ओढण्याचे काम ठेकेदाराकडे न देता जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे द्यावे. तिकिटाच्या खिडकीपाशी एक फळा टांगून त्यावर रोज सकाळी पाण्याचे तापमान खडूने लिहावे. तापमापक, रंगाचा एक डबा आणि खडू, एवढेच सामान त्याला लागते. नाताळच्या सुटीपूर्वी ते कोणत्याही नगरपालिकेला आणता येईल.