सोनं मागितलं, कपबशी मिळाली

'काय किमया केलीस यार!' प्रेझेंटेशन हिट झालं की आपण सहज म्हणतो. हा 'किमया' शब्द अरबी 'अल-कीमिया'मधून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अल्केमी, केमिस्ट्री आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट, सगळे त्याच खानदानातले. खानदानी धंदा? हलक्या धातूचं सोनं करणं!

माझा लाडका किमयागार बर्लिनमध्ये एका केमिस्टकडेच उमेदवारी करत होता. योहान बॉट्गर. त्याने नाण्यांचं सोनं करून दाखवलं, अशी गावभर चर्चा झाली. हातचलाखीच असणार, पण प्रशियाच्या राजाचे कान टवकारले. १७०१ मध्ये पोरगा घाबरून सॅक्सनीत पळाला. तिथला सत्ताधीश ऑगस्टस तर सवाई बॉस निघाला. १९ वर्षांच्या बॉट्गरला त्याने सरळ डांबून ठेवलं. टार्गेट एकच : सोनं. राजीनाम्याची सोय नाही. एकदा पळून पाहिलं, पकडला गेला.

भट्ट्या पेटल्या, मुशी तापल्या. किमयागारांच्या वह्यांत सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र, तांबं म्हणजे शुक्र. खुणांची भाषा, म्हणजे त्या काळचा पासवर्डच! पण सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन आणि शिशाच्या अणूत ८२. भट्टी कितीही फुंका, अणूच्या केंद्रकाला धक्का लागत नाही. टार्गेट पहिल्या दिवसापासूनच अशक्य होतं.

मग चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला दुसऱ्या कामाला लावलं. ऑगस्टसला चिनी मातीच्या भांड्यांचं भयंकर वेड. ती येत चीन-जपानहून, आणि युरोपात तशी टणक, पांढरी भांडी कुणालाच जमत नव्हती. भट्टीवर घासलेला हात इथे कामी आला. १७०८ मध्ये जमलं! १७१० मध्ये माइसेनला कारखाना निघाला, तो आजही चालू आहे. चिर्नहाउस मात्र १७०८ मध्येच वारला. श्रेय नक्की कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही. ऑफिस पॉलिटिक्स, दुसरं काय!

कुणी ट्रेनर ही गोष्ट 'अपयशातून यश' म्हणून स्लाइडवर टाकेल. मला ते पटत नाही. बॉट्गर सुटला १७१४ मध्ये, तेही सॅक्सनी न सोडण्याच्या अटीवर. १७१९ मध्ये, ३७व्या वर्षी गेला. उमेदीची १३ वर्षं एका थापेच्या आणि एका हावरट बॉसच्या भट्टीत गेली. कपबशी सुंदर झाली, म्हणून तो हिशेब चुकता होत नाही.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या अप्रेझलला 'हो सर, होऊन जाईल!' म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा. आपल्याला खरंच काय येतं, ते आधी सांगा. सोन्याचं नंतर बघू.